आमच्यात चालत नाही

२०१५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बाकावर बसल्या बसल्या मी तीन शब्द उच्चारले. ज्यांनी ते ऐकले त्यांतील बहुतेकांना आज ते आठवतही नसतील. मला मात्र ते गेली दहा वर्षे पुरले आहेत.

माझा धाकटा भाऊ सांगलीला स्थायिक झालेला, मी साताऱ्यात. मला एक मुलगी. भावाला एकुलता एक मुलगा. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. कराडहून मोटारसायकलवर सांगलीकडे येताना, पेठ नाक्याच्या अलीकडे, त्याने उसाच्या ट्रॉलीला मागून धडक दिली. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. त्या दिवसांत ज्यांनी आमच्या भागात रात्रीचा प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मागे ना दिवा, ना लाल फडके. दोन्ही बाजूंना ऊस बाहेर आलेली ती ट्रॉली अंधाराचाच एक तुकडा होऊन चाललेली असते. हेल्मेट घरी खुंटीला होते. अंगावर म्हणाल तर कोपराला थोडे खरचटले होते, एवढेच. जे झाले होते ते कवटीच्या आत झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले आणि मेंदूचे कार्य संपले असल्याचे सांगितले. भाऊ म्हणाला, “पण छाती हलतीय की, डॉक्टर.” छाती हलत होती. त्याचा उजवा हात मी स्वतः हातात घेतला होता आणि तो ऊबदार होता. ती छाती यंत्र हलवीत आहे, हे समजण्याइतके शास्त्र मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत शिकवीत आलो होतो. पण फळ्यावर काढलेली मेंदूची आकृती वेगळी आणि घरच्या मुलाचे कपाळ वेगळे.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावले ते माझ्या कानांवरून गेले. पुढे वाचून मला ते कळले. बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेशुद्ध माणूस परत येऊ शकतो. मेंदूच्या तळाशी देठासारखा जो भाग आहे, ज्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, तोच श्वास चालवतो. तो मेला की माणूस परत येत नाही, मग हृदय यंत्राच्या आधाराने आणखी काही काळ धडधडत का राहीना. कायद्याने यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ नेमले आहे. ते दोन वेळा, मध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून तपासणी करतात आणि त्यांपैकी कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी असता कामा नये. शेवटच्या कसोटीत श्वासाचे यंत्र काही मिनिटे काढून घेतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मस्तिष्कस्तंभात किंचित जरी जीव असेल तर देह हवेसाठी धडपड करतो. माझ्या पुतण्याच्या देहाने दोन्ही वेळा ती धडपड केली नाही.

संध्याकाळी एक तरुण मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. ती रुग्णालयाची अवयव प्रत्यारोपण समन्वयक होती. तिने घाई केली नाही, आवाज चढवला नाही. ‘काका’ म्हणून आधी पाणी हवे का विचारले आणि मग हळूच मुख्य गोष्ट विचारली. हृदय, यकृत, दोन्ही मूत्रपिंडे, डोळे. तुमची तयारी असेल तर, नसेल तर काहीच हरकत नाही. माझ्या भावाने तिच्याकडे पाहिले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. आमचे वडील गेल्यापासून कोणत्याही लहानमोठ्या प्रसंगी तो माझ्याकडेच पाहत आला आहे. मी म्हणालो, “आमच्यात चालत नाही.”

तिने विचारले, “आमच्यात म्हणजे?”

“आम्ही कॅथलिक ख्रिस्ती आहोत.”

ती उठून उभी राहिली. “माफ करा, मला ठाऊक नव्हतं,” असे म्हणून तिने हात जोडले आणि ती गेली. जे मुळात खरेच नव्हते ते ठाऊक नसल्याबद्दल त्या मुलीने माझी क्षमा मागितली. त्यानंतर एखादे ख्रिस्ती कुटुंब त्या बाकावर येऊन बसले असेल, तेव्हा ती त्यांच्याकडे गेली असेल की नाही, हा विचार माझी झोप अजूनही मोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदय थांबले. अपघाती मृत्यू असल्यामुळे शवविच्छेदन झाले. ते कायद्याने करावेच लागते. म्हणजे जो देह अखंड राहावा म्हणून मी नकार दिला, तो देह अखंड राहिला नाहीच. शिवलेला देह पांढऱ्या चादरीत गुंडाळून आमच्या हाती आला आणि त्यातले काहीही कोणाच्या कामी आले नाही. हे मला तेव्हा सुचलेदेखील नाही.

मी खोटे बोललो, असे मी म्हणणार नाही. मला ते खरे वाटत होते. कोठून आले होते ते? आमच्या घरात आजोबांच्या पायाची एक गोष्ट आहे. आजोबा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत गँगमन होते. मिरज जंक्शनात वाघिणीखाली त्यांचा डावा पाय सापडला आणि तो गुडघ्याखाली कापावा लागला. ज्या मिशन दवाखान्यात तो कापला तो डॉ. वॉनलेस यांनी उभारलेला. हे कॅनेडियन मिशनरी १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या शस्त्रक्रियांमुळे मिरजेचे नाव दूरदूर गेले. दवाखाना प्रॉटेस्टंटांचा, पण आजीला त्याचे काही नव्हते. तिने फक्त पाय मागून घेतला. तो तिने धुतला, कापडात गुंडाळला आणि दफनभूमीच्या कोपऱ्यात पुरून वर दगड ठेवला. आजोबा त्यानंतर एकोणीस वर्षे कुबडीवर चालले. ते वारले तेव्हा आजीने त्याच दगडाशेजारी कबर खणायला लावली. शेवटच्या दिवशी, कर्णा वाजल्यावर, म्हाताऱ्याला पाय शोधत फिरावे लागू नये! आम्ही मुले ही गोष्ट हसत ऐकत असू, पण ती आमच्या हाडांत मुरली होती. दर रविवारी विश्वासांगीकार म्हणताना देहाच्या पुनरुत्थानाचा उल्लेख आला की माझ्या डोळ्यांपुढे आजही तो दगड येतो.

आणि खरे पाहता याचे उत्तर माझ्या पुतण्याने मला अपघाताच्या दोन महिने आधी देऊन ठेवले होते. २०१४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. आमची दोन्ही कुटुंबे एक गाडी करून गेली. सी कॅथेड्रलकडे सरकणाऱ्या त्या लांबलचक रांगेत मी माझ्या मास्तरकीला साजेशी माहिती देत होतो: संताच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग १६१४ साली वेगळा करून रोमला नेला, जेझू नावाच्या जेज्विटांच्या चर्चमध्ये तो आजही आहे, ज्या हाताने हजारो लोकांना स्नानसंस्कार दिला तो हात म्हणून त्याला एवढा मान. पुतण्याने शांतपणे विचारले, “मोठे काका, मग शेवटच्या दिवशी हे आधी रोमला जाणार, का हात इकडं येणार?” पुढचे-मागचे लोक हसले. मी त्याला दटावले. पवित्र ठिकाणी थट्टा करू नये, एवढेच मला सुचले. दोन महिन्यांनी बाकावर बसलेल्या मला हा प्रश्न आठवला असता तर! ज्या धर्मसभेने आपल्या लाडक्या संतांचे अवशेष शतकानुशतके देशोदेशी वाटले, तिचा मुलगा म्हणवून मी देहाच्या अखंडतेचा दाखला देत होतो.

खरी गोष्ट मला २०१८ च्या प्रायश्चित्तकाळात समजली. आमच्या धर्मग्रामात ध्यानशिबिरासाठी बाहेरून एक धर्मगुरू आले होते. प्रवचनाच्या ओघात त्यांनी इटलीच्या डॉन कार्लो ग्नोकी या धर्मगुरूची हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात हे पर्वतीय पलटणीबरोबर रशियाच्या आघाडीवर होते. १९४३ च्या हिवाळ्यातील त्या भीषण माघारीतून ते जिवंत परतले आणि युद्धात हातपाय गमावलेल्या मुलांसाठी त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. २८ फेब्रुवारी १९५६ रोजी मिलानमध्ये त्यांचे निधन झाले. मरणापूर्वी त्यांनी आपली बुबुळे दोन अंध मुलांना देण्यास सांगून ठेवले होते. इटलीच्या कायद्याने तेव्हा ते करण्यास मुभा नव्हती. तरी एका नेत्रशल्यविशारदाने ती शस्त्रक्रिया केली आणि दोन्ही मुलांना दृष्टी आली. देशभर वाद माजला. अडीच महिन्यांनी, मे १९५६ मध्ये, नेत्रदात्यांच्या इटालियन संघटनेपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी हा प्रश्न स्पष्ट केला. मृताच्या डोळ्यांतून घेतलेल्या बुबुळाने कोणाला दृष्टी मिळत असेल तर त्यात धर्माला बाध येत नाही आणि मृताबद्दलच्या आदरालाही नाही. मात्र ते दान आहे, ते कोणावर कर्तव्य म्हणून लादता येत नाही आणि नातलगांच्या मनाचा मान ठेवला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, इटलीत कायदा झाला. आणि योगायोग असा की आपल्या मुंबई राज्यातही बुबुळरोपणाचा कायदा १९५७ चाच आहे. डॉन ग्नोकी यांना २००९ साली धन्यवादित घोषित करण्यात आले.

प्रवचन संपल्यावर मी त्या फादरांना गाठले. “फादर, हे डोळ्यांपुरतं झालं. हृदय, यकृत यांचं काय?” त्यांनी मला पोप दुसरे जॉन पॉल यांच्या ऑगस्ट २००० मधील भाषणाविषयी सांगितले. रोममध्ये जमलेल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढे केलेल्या त्या भाषणात पोपमहोदयांनी अवयवांच्या खरेदी-विक्रीचा कडक निषेध केला. पण मेंदूचे संपूर्ण कार्य कायमचे थांबल्याचा निकष काटेकोरपणे लावला असेल तर मृत्यूविषयी नैतिक खात्री बाळगून दान स्वीकारता येते, असेही सांगितले. त्याआधी १९९५ सालच्या ‘जीवनाचे शुभवर्तमान’ या विश्वपत्रात त्यांनी अवयवदानाची गणना रोजच्या जीवनातील शौर्यात केलीच होती. फादर सहज म्हणाले, “आपल्यात तर याला उत्तेजनच आहे.” त्यांनी ‘आपल्यात’ म्हटले. मी ‘आमच्यात’ म्हटले होते.

आजीच्या दगडाचे काय, हेही मी त्यांना विचारले. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना बी आणि रोप यांचा दृष्टांत दिला आहे, त्याची त्यांनी आठवण करून दिली. पेरलेले बी जसेच्या तसे वर येत नाही. आणि पेरणारा शेतकरी नंतर त्याचे टरफल शोधत बसत नाही.

घरी येऊन मी हे सारे पत्नीला सांगितले. भावाला सांगितले नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. २०१९ च्या महापुरात त्याच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा मी पंधरा दिवस तेथे राहून चिखल उपसला. पुतण्याच्या पुस्तकांचा लगदा आम्ही दोघांनी मिळून बाहेर टाकला. तेव्हाही बोललो नाही. सांगून आता काय होणार, असे मी स्वतःला समजावीत होतो. त्याला शहाणपण म्हणता येईल. मी त्याला भित्रेपणा म्हणतो.

मौनाच्या या वर्षांत मी वाचत मात्र राहिलो आणि वाचता वाचता एके दिवशी मला कायदा भेटला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा आपला कायदा १९९४ चा. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो अमलात आला तो प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली. मृताच्या वतीने संमती देणारे ‘जवळचे नातलग’ कोण, याची त्यात यादी आहे: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा, नातवंडे. मी ती यादी तीनदा वाचली. तीत चुलता नाही.

म्हणजे ज्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता त्याने उत्तर दिले होते. आणि जी यादीत होती ती? माझी भावजय त्या संध्याकाळी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला डोके टेकून बसली होती. समन्वयक मुलगी बोलत असताना तिने मान वर केली होती, एवढे मला आठवते. तिला मी विचारले नाही, तिच्या नवऱ्याने विचारले नाही. आणि त्या मुलीने दोन पुरुषांकडे पाहून विचारले, हा दोष तिचा नव्हे, आमच्या बसण्याचा होता.

देण्याची वेळ येते तेव्हा मात्र बाई पुढे असते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. महाराष्ट्राला ठाऊक असलेले मोठे उदाहरण नेत्रशल्यविशारद डॉ. तात्याराव लहाने यांचे. १९९५ साली त्यांच्या आईने, लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातील अंजनाबाईंनी, आपले मूत्रपिंड देऊन मुलाला वाचवले. त्या मुलाने पुढे मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. आपल्या धर्मसभेतील पुरुषांचा मान राखण्यासाठी दोन नावे सांगतो. केरळातील फादर डेविस चिरामेल यांनी २००९ साली आणि पाला धर्मप्रांताचे सहायक बिशप असताना जेकब मुरिकन यांनी २०१६ साली आपले एकेक मूत्रपिंड दिले. दोघांचेही दान स्वीकारणारे हिंदू होते.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने रक्तमूळपेशींच्या दात्यांत नाव नोंदवल्याचे मला सहज बोलता बोलता सांगितले. गालाच्या आतल्या बाजूवरून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालून द्यायची, झाले. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात अस्थिमज्जा बदलावी लागते, तेव्हा दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडांत त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ च्या मार्चमध्ये देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण झाले. ते नऊ वर्षांच्या मुलीवर, आणि दाता होता तिचा भाऊ. भावंड जुळले नाही तर परक्यांत शोधायचे. त्यासाठी अशी नोंदणी. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. जुळलेच, तर बहुतेक वेळा हाडाला सुईदेखील लावीत नाहीत. चार-पाच दिवस इंजेक्शने देतात आणि मग रक्तदानासारखे काही तास पडून राहायचे. मी उत्साहाने म्हणालो, “माझंही नाव घाल.” ती हसली. “बाबा, तुमचं वय गेलं.” मग तिने जे सांगितले ते मला विलक्षण वाटले. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच लग्ने करणाऱ्या आपल्या देशात या खुणाही समाजासमाजांत वाटल्या गेल्या आहेत, त्यामुळे जुळणारा परका बहुधा आपल्याच गोतावळ्यात सापडण्याची आशा अधिक. लहान समाजातील माणसे नोंदणीत नसली तर त्या समाजाच्या रुग्णाने शोधायचे कोठे? ‘आमच्यात’ हा शब्द वापरायचाच असेल तर त्याची खरी जागा येथे होती.

२०२४ च्या डिसेंबरात मी पुन्हा जुन्या गोव्याला गेलो. दर दहा वर्षांनी होणारे ते दर्शन. या वेळी आम्ही दोघेच. रांग तशीच, ऊन तसेच. पुतण्याने प्रश्न विचारला होता ती जागा मी ओळखली, असे मला वाटले. कदाचित ते खरे नसेलही. घरी परतल्यावर मी नमुना क्रमांक ७ मागवला. अवयवदानाची इच्छा नोंदवण्याचा हा सरकारी फॉर्म आहे. २०२३ पासून हे काम आधार क्रमांकाने संगणकावर, मोबाइलवर काही मिनिटांत होते आणि मुलगी ते करून द्यायला बसलीच होती. मी तिला थांबवले. मला कागद हवा होता. कारण कायद्याच्या भाषेत लेखी इच्छा दोन साक्षीदारांपुढे व्हावी लागते आणि त्यांतील एक तरी जवळचा नातलग असावा लागतो. पत्नीची सही चालली असती. भाऊ मात्र यादीत होता, आणि मला त्याची सही हवी होती.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी अनेकांना माहीत नसते. आपण कितीही फॉर्म भरले, पाकिटात कार्ड बाळगले, तरी त्या वेळी रुग्णालयात आपल्या माणसांना पुन्हा विचारतात आणि ती नाही म्हणाली तर कोणी पुढे जात नाही. फॉर्मच्या तळाशीही असेच सुचवले आहे, की हा कुटुंबाचा निर्णय आहे, घरात बोला. घरात बोलणे हीच तर माझी अडचण होती.

फेब्रुवारीत पुतण्याची दहावी पुण्यतिथी आली. सांगलीच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा झाली, आम्ही कबरीवर फुले वाहिली आणि घरी येऊन जेवलो. जेवणानंतर भाऊ पान लावत बसला असताना मी फॉर्म पुढे ठेवला आणि जे बोलायचे ते बोललो. पोप पायस, डॉन ग्नोकी, कायद्याची यादी, सगळे. पाठ केल्यासारखे बोललो असेन. शेवटी म्हणालो, “मी त्या दिवशी जे सांगितलं ते आपल्या धर्मात नव्हतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर सात वर्षं मी तुला सांगितलं नाही.”

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. आतल्या दारातून भावजय बाहेर आली. ओले हात पदराला पुशीत ती उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, मी द्या म्हणणार होते. मला त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.”

आवाजात राग नव्हता. दहा वर्षे झाली होती. तिने फॉर्म उचलला, खिडकीपाशी नेऊन एकेक ओळ वाचली. हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, स्वादुपिंड. खाली बुबुळे, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा. मी सगळ्यांपुढे खुणा केल्या होत्या. “त्याचे डोळे चांगले होते,” ती म्हणाली. मग तिने पेन मागितले आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली. तिथे कोणाचीही चालते.

भावाने पेन घेतले नाही. “दादा, मी सही केली म्हणजे त्या दिवशी चुकलं असं होतं.”

“चूक माझी होती.”

“तू बोललास. ऐकलं मी. बाप मी होतो.”

यावर मला उत्तर देता आले नाही. कागद त्याने घडी करून वेदीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवला आणि म्हणाला, “राहू दे इथं. बघतो.” मी आग्रह धरला नाही. त्याने माझ्याकडे पाहून निर्णय घेण्याचे दिवस संपले, हे मला बरे वाटले की वाईट, ते अजून नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी तो मला सोडायला सांगलीच्या बसस्थानकावर आला. साताऱ्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही उसाच्या भावाबद्दल, त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो. गाडी फलाटाला लागली, मी पिशवी उचलली, तेव्हा त्याने विचारले, “डोळ्यांना किती तास असतात म्हणालास?”

“मृत्यूनंतर सहा. त्याच्या आत काढावे लागतात. वयाची अट नाही, चष्मा असला तरी चालतं.”

“मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तर?”

“तरी चालतं.”

गेल्या वर्षीच त्याच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. त्याने मान हलवली, माझ्या हातातील पिशवी घेतली आणि गाडीत चढून खिडकीजवळच्या जागेवर ठेवली.